इमारतीचे कागद: कुठले ठेवायचे, कसे ठेवायचे आणि ते खरे कसे राहतील

इमारत बांधायला दोन-तीन वर्षं लागतात, मोठी असेल तर चार-पाच, आणि नंतर ती वापरायची असते पन्नास-साठ वर्षं. युरोपच्या डिझाइन कोडमध्ये साध्या इमारतीचं आयुष्य 50 वर्षं धरून हिशेब करतात, पूल आणि स्मारकासारख्या बांधकामांचं 100. म्हणजे बांधणाऱ्यांचा संबंध सुरुवातीच्या थोड्या काळापुरता आणि पुढचं सगळं निस्तरायचं ते सांभाळणाऱ्यांनी. पण इमारतीच्या पोटात काय आहे, कुठला पाईप कुठल्या भिंतीतून वर गेलाय, कुठल्या स्लॅबला चुकूनही भोक पाडायचं नाही, हे माहीत असतं बांधणाऱ्यांनाच, आणि ते काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. सुपरवायझर नोकरी बदलतो, ठेकेदार धंदा बंद करतो, आर्किटेक्टच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर भंगारात जातात. मागे राहतात ते कागद, तेही राहिले तर.

बहुतेक ठिकाणी हँडओव्हरच्या, म्हणजे इमारत ताब्यात देण्याच्या, दिवशी होतं काय, की चार-पाच खोकी, एक पेन ड्राइव्ह आणि एक लांबलचक यादी येते, यादीवर सही होते, खोकी स्टोअर रूममध्ये जातात आणि संपला विषय. सही करणाऱ्याने खोकं उघडलेलं नसतं. देणाऱ्यालाही माहीत असतं की कोणी उघडणार नाही, त्यामुळे आत काय भरलंय याची त्यालाही फार चिंता नसते. मग दोन-तीन वर्षांनी मध्यरात्री कुठला तरी पाईप फुटतो, पाणी लिफ्टच्या खड्ड्याकडे धावायला लागतं आणि सगळे एकमेकांना विचारत असतात की अरे याचा व्हॉल्व्ह कुठंय.

माझं सरळ म्हणणं आहे, हा कागदांचा विषय कपाटापासून सुरू करायचाच नाही. तो त्या रात्री हातात टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसापासून सुरू करायचा. त्याला काय विचारायचं असेल? पाणी कुठून बंद होतं, या पॅनलला वीज कुठून येते, या भिंतीत लोखंड किंवा केबल आहे का, या पंपाचं मॉडेल कुठलं, मागच्या वेळी हे कोणी आणि कधी दुरुस्त केलं. या प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत मिळत असतील तर तुमची कागदपत्रं चांगली, मग ती एका साध्या फाइलीत का असेनात. आणि मिळत नसतील तर महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी ते शोभेचंच.

आता कागद कोणकोणते, तर मी ते विषयाप्रमाणे न लावता ते जुने कसे होतात त्याप्रमाणे बघतो, त्याने डोक्यातला गोंधळ बराच कमी होतो. काही कागद कधीच बदलत नाहीत: मातीचा तपासणी अहवाल, पायाची ड्रॉइंग, कॉलम-बीममधल्या सळ्यांचा तपशील, काँक्रीटचे टेस्ट रिपोर्ट. हे एकदा नीट मिळवायचे, दोन-तीन ठिकाणी ठेवायचे आणि इमारत उभी आहे तोवर फेकायचे नाहीत, इतकं सोपं. काही कागद रोज वाढत जातात, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, तपासणीचे दाखले, वॉरंट्या. आणि तिसरे, सगळ्यात त्रासदायक, जे इमारतीत काही बदललं की बदलायलाच हवेत: मजल्यांचे नकाशे, प्लंबिंगची ड्रॉइंग, वीज कुठून कुठे जाते ते दाखवणारा सिंगल लाइन डायग्राम, व्हॉल्व्हची यादी, मशिनरीची यादी. पहिल्या दोन प्रकारात फार तर कागद हरवतो. तिसऱ्या प्रकारात कागद समोर असतो, स्वच्छ असतो, आणि खोटं सांगत असतो. हरवलेल्या कागदापेक्षा हे जास्त वाईट, कारण कागद नसला की माणूस निदान सावध तरी राहतो.

या तिसऱ्या गटातलं मुख्य म्हणजे ॲज-बिल्ट ड्रॉइंग, प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणारं. बांधकामासाठी दिलेलं ड्रॉइंग वेगळं आणि हे वेगळं. साइटवर काम चालू असताना शंभर गोष्टी हलतात, बीम मध्ये आला म्हणून पाईप फूटभर सरकवला, डक्ट बसेना म्हणून दुसऱ्या बाजूने वळवली, हे चालतंच, त्यात चूक काही नाही. नीट काम करणारा साइट इंजिनियर ड्रॉइंगच्या एका प्रतीवर लाल पेनाने हे सगळे बदल त्याच दिवशी मारत जातो, आणि शेवटी त्या लाल खुणांवरून ॲज-बिल्ट तयार होतं. पण घाईत काय करतात, जुनंच ड्रॉइंग उघडतात, खालच्या कोपऱ्यात 'बांधकामासाठी' असं लिहिलंय ते पुसून 'ॲज-बिल्ट' टाकतात, तारीख बदलतात आणि प्रिंट. झालं ॲज-बिल्ट!

हे ओळखायचं कसं? ड्रॉइंग बघून कळत नाही, इमारतीत जाऊनच कळतं. हँडओव्हर घेताना पाच-सहा जागा मनाने निवडायच्या, देणाऱ्याला आधी न सांगता, आणि ड्रॉइंग हातात घेऊन तिथे जायचं. फॉल्स सीलिंगची एक टाइल उघडायची, टेप लावायची, पाईप भिंतीपासून ड्रॉइंगमध्ये दाखवलाय तितक्याच अंतरावर आहे का बघायचं. इलेक्ट्रिकच्या डीबीमधला (वीज वाटणाऱ्या पेटीतला) एक एमसीबी, म्हणजे स्विच, बंद करून त्याच्या लेबलवर जी खोली लिहिलीय तीच अंधारात गेली का बघायचं (कोणाचं काम चालू नाही ना हे विचारून, नाहीतर शिव्या बसतील). सहापैकी दोन ठिकाणी जरी चुकलं तरी सगळा गठ्ठा परत पाठवायचा, आणि हे शेवटचं बिल द्यायच्या आधी करायचं. बिल गेल्यावर ड्रॉइंग दुरुस्त करून देणारा माणूस कोणाला भेटलाच तर मला कळवा.

आणि फोटो! याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगाची गोष्ट दुसरी नाही पण ती सगळ्यात कमी केली जाते. स्लॅब ओतायच्या आधी, भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी, सीलिंग बंद व्हायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, फोटोत मोजपट्टी धरलेली हवी आणि खोलीचा नंबर लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवलेला हवा. नुसता फोटो काढला तर सहा महिन्यांनी ती भिंत कुठली हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही, सगळ्या कच्च्या भिंती सारख्याच दिसतात.

स्लॅबचं म्हणतोय तर पोस्ट-टेन्शन स्लॅबचं जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे कागद नसणं थेट जिवावर येऊ शकतं. साध्या स्लॅबमध्ये सळ्या नुसत्या घातलेल्या असतात. पोस्ट-टेन्शनमध्ये स्टीलच्या तारांचे पीळ, साधारण 12.7 किंवा 15.2 मिलिमीटर जाडीचे, काँक्रीट घट्ट झाल्यावर जॅक लावून प्रचंड ताणाने ओढून दोन्ही टोकांना अडकवतात, आणि हा ताण इमारत असेपर्यंत तसाच राहतो. वरून बघितलं तर दोन्ही स्लॅब सारखेच दिसतात. मग वीस वर्षांनी कोणी नवीन ड्रेनेज लाइनसाठी कोअर कटिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटला मशीनने गोल भोक पाडणाऱ्याला, बोलावतो, तो मशीन लावतो आणि पीळ कापला जातो. काही प्रकारांत तो ताणलेला पीळ टोकाकडून जोरात बाहेर येऊ शकतो आणि स्लॅबची ताकद त्या पट्ट्यात कमी होते ते वेगळंच. म्हणून असा स्लॅब असेल तर पिळांच्या जागा दाखवणारं ड्रॉइंग तर जपायचंच, पण स्लॅबच्या खाली, दिसेल अशा जागी पाटीच लावायची की इथे स्कॅन केल्याशिवाय ड्रिल करू नका. कोअर कटिंगवाला ऑफिसात येऊन फाइल मागत नाही, तो सरळ जागेवर येतो, त्यामुळे माहिती जागेवरच हवी. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस (जुनं बांधकाम साहित्य, त्याची धूळ फुप्फुसाला घातक) असेल तर त्याचंही तेच, कुठल्या पत्र्यात, कुठल्या पाईपच्या वेष्टनात, कुठल्या टाइलमध्ये आहे त्याची यादी तोडफोड करणाऱ्याला काम सुरू व्हायच्या आधी दाखवायची, धूळ उडाल्यावर दाखवून उपयोग नाही.

आता मशिनरी. हँडओव्हरच्या खोक्यांचं बहुतेक वजन असतं ते ऑपरेशन अँड मेंटेनन्स मॅन्युअलचं, आणि त्यात बरंचसं काय असतं तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेले कॅटलॉग. एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये त्या मालिकेतली चाळीस मॉडेलं असतात, तुमचं कुठलं ते शोधत बसा. ज्याने पंप बसवला त्याने तुमच्या मॉडेलवर पेनाने नुसता गोल केला असता तरी काम झालं असतं. तर मॅन्युअल ठेवा पण त्याच्या जिवावर राहू नका, स्वतःची एक मशिनरीची यादी करा, साध्या एक्सेलमध्ये. प्रत्येक वस्तूला एक नंबर, तो नंबर त्या वस्तूवर रंगवलेला किंवा पट्टी मारलेला, आणि यादीत त्याच्यापुढे कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, कुठल्या खोलीत, कधी बसवलं, वॉरंटी कधी संपते, सुटे भाग कोणाकडे मिळतात. आणि नेमप्लेटचा फोटो. नेमप्लेट दमट जागेत पाच-सात वर्षांत गंजून वाचता येत नाही आणि नेमकी तेव्हाच लागते. आणखी एक जे जवळजवळ कोणीच लिहून ठेवत नाही ते म्हणजे सेटिंग. कमिशनिंगच्या, म्हणजे मशिनरी पहिल्यांदा चालू करून तपासण्याच्या, दिवशी पंप किती प्रेशरला सुरू होतो आणि किती प्रेशरला बंद, ब्रेकरचं ट्रिप सेटिंग किती, टायमर कितीवर लावलाय. नंतर प्रत्येक मेकॅनिक येऊन थोडं थोडं फिरवून जातो आणि मूळ आकडा कितीचा होता हे कोणालाच सांगता येत नाही.

ही यादी बांधणाऱ्याकडूनच तयार घेता आली तर उत्तमच. त्यासाठी कोबी (COBie) नावाचा एक ठरलेला साचा आहे, 2007 मध्ये अमेरिकेच्या आर्मी कॉर्प्स ऑफ इंजिनियर्सच्या कामातून तो आला, आणि नाव मोठं वाटलं तरी बऱ्याचदा तो हातात येतो एक्सेलसारख्या तक्त्यांच्या रूपातच: एका तक्त्यात मजले, एकात खोल्या, एकात उपकरणांचे प्रकार, एकात प्रत्यक्ष उपकरणं, असं. पूर्ण साचा पाळायची ताकद नसेल तर त्यातले हे चार तक्ते जरी मागितले तरी पुष्कळ. फक्त एक, हे बांधकामाच्या करारातच लिहायचं. शेवटच्या महिन्यात मागितलं तर ठेकेदाराचा एखादा शिकाऊ पोरगा बसून अंदाजाने रकाने भरतो आणि तो तक्ता दिसतो मात्र एकदम भारी.

व्हॉल्व्हच्या यादीवर मी जरा हट्टी आहे. यादीत चार गोष्टी पुरतात: व्हॉल्व्हचा नंबर, तो कुठे आहे, तो बंद केल्यावर कुठलं पाणी बंद होतं, आणि नेहमी तो उघडा असतो की बंद. 'कुठे आहे' हे लिहिताना '3 ऱ्या मजल्यावर शाफ्टमध्ये' असं लिहू नका, असं लिहा की 'व्ही-14, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताच्या शाफ्टचं दार, किल्ली नंबर 6, आत खालून दुसरा, लाल चाक'. किल्लीचा नंबर यादीत हवाच, व्हॉल्व्ह सापडला पण दाराला कुलूप हा प्रकार फार कॉमन आहे. व्हॉल्व्हवर त्याच नंबरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती तारेने बांधायची, कागदी स्टिकर दमटपणाने गळून पडतो. 'उघडा की बंद' हा रकाना फालतू वाटतो पण दोन टाक्यांच्या मधला बायपास व्हॉल्व्ह कोणीतरी गैरसमजातून उघडून ठेवला तर नंतर दोन दिवस पाणी कुठे जातंय हे शोधण्यात जातात. आणि वर्षातून एकदा यादी घेऊन प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघायचा, त्याने यादीही तपासली जाते आणि व्हॉल्व्ह जाम होत नाही, एका फेरीत दोन कामं.

एवढं सगळं उभं केलं तरी ते पहिल्याच मोठ्या बदलात कोसळू शकतं. दुरुस्ती झाली, नूतनीकरण झालं, पार्टिशन हललं, आणि कागदावर कोणी काही केलं नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीचं बघा. 14 जून 2017 च्या आगीत तिथे 72 माणसं गेली. आग का पसरली तो बाहेरच्या आवरणाचा वगैरे फार मोठा विषय आहे, पण चौकशीच्या 2019 च्या पहिल्या अहवालात एक साधी गोष्ट नोंदवलीय: नूतनीकरणात मजल्यांचे नंबर बदलले होते आणि जिन्यातल्या मजल्यांच्या खुणा मात्र त्याप्रमाणे बदलल्या नव्हत्या. धुरात जिना चढणाऱ्या फायरमनला आपण कितव्या मजल्यावर आहोत हेच नीट कळत नाही, विचार करा. आतल्या रचनेचे नकाशेही त्यांच्या हाताशी नव्हते. अहवालाने शिफारस केली की उंच इमारतींचे मजल्यांचे नकाशे अग्निशमन दलाला आधीच द्यावेत आणि कागदावरची एक प्रत इमारतीतच ठरलेल्या पेटीत ठेवावी, आणि मजल्यांचे नंबर जिन्यात ठळक लिहावेत. भिंतीवरचा नंबर हासुद्धा दस्तऐवजच आहे की, तोही बदलायला लागतो.

त्याच घटनेनंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या डेम जुडिथ हॅकिट यांच्या 2018 च्या अहवालातून 'गोल्डन थ्रेड' ही कल्पना पुढे आली, म्हणजे इमारतीच्या सुरक्षेची माहिती डिझाइनपासून शेवटपर्यंत अखंड, डिजिटल आणि चालू स्थितीत ठेवायची, आणि 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनंतर इंग्लंडमध्ये किमान 18 मीटर उंच किंवा किमान सात मजल्यांच्या निवासी इमारतींना ते कायद्यानेच आलं. कायदा कुठे असो-नसो, करायचं तेच आहे.

पण माणसं कागद अपडेट का करत नाहीत? आळस हे एक कारण झालं, पण खरं कारण असं की ज्याने बदल केला त्याला ड्रॉइंग बदलून काहीच मिळत नाही. प्लंबरचं काम पाईप बदलला की संपलं. ड्रॉइंग चुकीचं राहिल्याचा त्रास होणार दहा वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच कोणाला. म्हणून उपदेश करून हे होत नाही, त्याला पैशांची गाठ मारावी लागते. नियम एकच, बदलाचं बिल तेव्हाच पास होईल जेव्हा बिलासोबत ड्रॉइंगची लाल खुणा केलेली प्रत आणि फोटो येईल. प्लंबरने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढावं असं कोणी म्हणत नाहीये, छापील ड्रॉइंगवर पेनाने रेघ मारून तारीख आणि सही केली तरी बास. मग वर्षातून एकदा कोणाकडून तरी त्या लाल खुणा मूळ फाइलमध्ये चढवून घ्यायच्या. आणि जुनी आवृत्ती रोजच्या फोल्डरमधून काढून वेगळ्या 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. एकाच फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल-2' आणि 'फायनल-नवीन' अशा तीन फाइली म्हणजे मुदत संपलेल्या आणि चालू गोळ्या एकाच डब्यात ठेवल्यासारखं आहे, घाईत हात कशाला लागेल याची गॅरंटी नाही. फाइलच्या नावात तारीख टाका, तीही वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

रोजच्या नोंदींबद्दल. लॉगबुकमध्ये 'पंप चेक केला, ओके' असं वर्षभर लिहिलेलं असतं, त्याने एवढंच कळतं की पेन चालू होतं. त्याऐवजी 'पंप 2, करंट तिन्ही फेजला 10.8, 11.0, 10.9, प्रेशर 4.2 बार, ग्लँडमधून थेंब थेंब पाणी' (ग्लँड म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तोच करंट 12.5 दिसला की बेअरिंग, ग्लँड, व्होल्टेज, कुठेतरी काहीतरी बिघडतंय हे पंप बंद पडायच्या आधी कळतं. आकडा लिहायला मत लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. आणि दुरुस्ती झाली की काय केलं याबरोबर काय सापडलं तेही लिहायचं, 'सील बदलला' एवढ्यावर थांबू नका, 'सील एका बाजूने झिजलेला होता' हे जास्त महत्त्वाचं, कारण तसं पुन्हा दिसलं तर दोष अलाइनमेंटमध्ये असणार.

नोंदी वाचायलाही लागतात बरं का. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत 24 जून 2021 ला जवळजवळ अर्धी कोसळली, 98 माणसं गेली. त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी, 2018 मध्ये, एका स्ट्रक्चरल इंजिनियरने अहवाल दिला होता की स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि त्याने खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय. अहवाल होता, मोठी दुरुस्ती सुरू व्हायची होती. म्हणून तपासणीच्या प्रत्येक अहवालातून एक छोटी यादी काढायची, काय करायचंय, कोण करणार, कधीपर्यंत, आणि ती यादी दर मीटिंगला पहिल्या पानावर. चाळीस पानी अहवाल पुन्हा कोणी उघडत नाही, हे मान्य करूनच पद्धत बसवायची.

आता हे सगळं ठेवायचं कुठे. डिजिटल ठेवलं की कायमचं राहिलं असं लोकांना वाटतं, पण सीडी वाचणारा ड्राइव्ह आता किती लॅपटॉपना आहे? ड्रॉइंगच्या कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइलींचा फॉरमॅट दर काही वर्षांनी बदलतो. म्हणून प्रत्येक ड्रॉइंग दोन रूपांत घ्या, एक मूळ कॅड फाइल, बदल करता यावेत म्हणून, आणि एक पीडीएफ-ए. हा पीडीएफचा खास जपून ठेवण्यासाठीचा प्रकार आहे, 2005 मध्ये त्याचा आयएसओ मानक झाला, यात फॉन्ट वगैरे सगळं फाइलच्या आतच असतं त्यामुळे बाहेरच्या कशावर अवलंबून राहत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. इमारत जळाली तर तिची ड्रॉइंगही तिच्याबरोबर जळू नयेत इतकाच हेतू.

क्लाउडवर ठेवत असाल तर अकाउंट कोणाच्या नावावर आहे ते आज बघा. मॅनेजरच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर तो सोडून गेला की वीस वर्षांचे कागद त्याच्याबरोबर गेले. लिफ्टचा कंट्रोलर, कॅमेरे, एसीची कंट्रोल सिस्टीम यांचे पासवर्ड आणि प्रोग्रॅमचे बॅकअप यांचंही तसंच, ते बंद पाकिटात तिजोरीत हवेत, बसवणाऱ्या कंपनीच्या एखाद्या टेक्निशियनच्या मोबाइलमध्ये नकोत. आणि सगळे कागद सगळ्यांना द्यायचेही नसतात. कुलपांचा तपशील, कॅमेऱ्यांच्या जागा, राहणाऱ्यांची माहिती ग्रुपवर फॉरवर्ड होत फिरायला नको.

जुनी निळी ड्रॉइंग कोणाकडे असतील तर एक टीप. ही सायनोटाइप पद्धत 1842 ची, जॉन हर्शेलची. हे निळे कागद उजेडाने फिके पडतात आणि अल्कलाइन, म्हणजे क्षारीय, पदार्थांनीही खराब होतात, त्यामुळे चांगलं म्हणून मुद्दाम अल्कलाइन बफर (आम्ल मारायला कागदात घातलेला क्षार) असलेल्या आर्काइव्हल फोल्डरमध्ये ठेवलीत तर उलट नुकसान होईल. बफर नसलेला कागद, अंधार, आडवी सपाट ठेवायची, आणि आधी स्कॅन करून घ्यायची. थर्मल पेपरवरच्या पावत्यांचं तर बोलायलाच नको, वॉरंटीची पावती वॉरंटीच्या आधी कोरी होते.

थ्रीडी मॉडेल, म्हणजे बिम (इमारतीच्या भागांची माहिती जोडलेलं कॉम्प्युटर मॉडेल), त्याबद्दल विचारणारे बरेच असतात. मोठं हॉस्पिटल, विमानतळ अशा ठिकाणी ते खरंच कामाचं आहे, आणि वापरातल्या इमारतींची माहिती कशी सांभाळावी यासाठी आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग 2020 मध्ये आलाही आहे. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात नीट जात नाही याची किंमतही काही कमी नाही, अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या 2004 च्या अभ्यासाने तिथल्या मोठ्या इमारती आणि प्रकल्पांच्या क्षेत्रात हा तोटा वर्षाला 15.8 अब्ज डॉलर असल्याचा अंदाज काढला होता, आणि त्यातले 10.6 अब्ज मालक आणि इमारत चालवणाऱ्यांच्या डोक्यावर. पण मॉडेल कोण अपडेट करणार, त्याचं सॉफ्टवेअर दरवर्षी कोण विकत घेणार, हे ठरलेलं नसेल तर छोट्या इमारतीने त्या नादाला लागू नये. जे मॉडेल फक्त सादरीकरणाच्या दिवशी उघडलं गेलं त्यापेक्षा रोज हातात येणारं एक्सेल बरं.

ज्यांच्याकडे काहीच नाही, जुनी इमारत आहे आणि कपाटात दोन पिवळे नकाशे, त्यांनी सगळं एकदम करायला जाऊ नये, दमतात आणि सोडून देतात. आधी एका माणसाचं नाव ठरवा, कमिटीचं नाही, एका माणसाचं. मग आधी पाणी, वीज, गॅस बंद करायच्या जागा, मग आगीशी संबंधित सगळं, मग लिफ्ट आणि पंप. स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगसाठी मूळ आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनियर आणि बांधकामाला परवानगी देणारं कार्यालय, तिघांकडे विचारून बघा, कुठेतरी एखादी प्रत असते. मिळालीच नाहीत तर सळ्या शोधायचं स्कॅनिंग करता येतं, पण ते पूर्ण इमारतीचं करण्यापेक्षा जिथे काम निघेल तिथलं करून त्याचा निकाल जपत गेलात तर हळूहळू नकाशा भरत जातो. बाकी पाईप आणि केबलचं, दुरुस्तीसाठी जेव्हा जेव्हा काही उघडलं जाईल तेव्हा मोजून टिपून घ्यायचं.

आणि जे माहीत नाही तिथे ड्रॉइंगवर तुटक रेघ मारून 'खात्री नाही' असं स्पष्ट लिहा, कोणी सांगितलं आणि कधी तेही बाजूला टाका. अंदाजाने ओढलेली सलग रेघ काही वर्षांनी सगळे खरी धरतात, आणि मग कोणीतरी तिच्या भरवशावर बरोबर अर्धा फूट बाजूला ड्रिल लावतो.